खोडरबर

लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. गेल्या महिन्यात एका सकाळी तो मी नऊ वेळा टाइप केला, त्यामुळे आता पाठच झाला आहे. दर वेळी अकराव्या आकड्याला ब्राउझर डोळे पांढरे करायचा आणि अंतर्धान पावायचा. मागे उरायचं ते डेस्कटॉपवरचं कासच्या पठाराचं चित्र. फुलं अशी निवांत, की जणू काही झालंच नाही.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. पाऊस पडतो, पेच पडतो, माणूस प्रेमात आणि तोंडघशी पडतो, हे सगळं मी वर्गात वाक्यात उपयोग करून दाखवलेलं. ब्राउझर पडतो हे व्याकरण नवं होतं. पुण्याला मुलीकडे फोन लावला.

“बाबा, आधी कॅशे आणि कुकीज उडवा.”

उडवल्या. त्यासोबत सगळीकडची लॉगिनंही उडाली. सहा ठिकाणी पासवर्ड मागितले गेले आणि मला एकही आठवेना. ब्राउझर पूर्वीसारखाच पडत राहिला; फरक इतकाच, की आता तो मला न ओळखता पडायचा.

“मग एक्स्टेन्शन्स बघा.”

बघतो तर अकरा! मी बोलावल्याचं आठवत नव्हतं, पण पंगतीला सगळे हजर. वर्गात शिट्टी कोणी वाजवली हे शोधायला मी अर्धा वर्ग बाहेर उभा करत असे. शिट्टी थांबली तर चोर बाहेर, नाहीतर आत. तीच युक्ती इथे लावली. अकराच्या अकरा निर्दोष निघाले. तरी त्यातल्या दोघांना मी कायमचं काढलं. चेहऱ्यावरूनच ते बरे वाटत नव्हते.

पुढे हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन. पडद्यावरची चित्रं रंगवायचं काम ब्राउझर ग्राफिक्सच्या चिपवर ढकलतो, आणि तिचा ड्रायव्हर जुनाट असला तर दोघांचं बिनसतं म्हणे. ते बंद केलं, ड्रायव्हर नवा घातला. शेवटी ब्राउझरच मुळासकट उपटून पुन्हा लावला. तो नव्या उमेदीनं पडू लागला. म्हणून दुसऱ्या कंपनीचा ब्राउझर आणला. त्यानं पहिल्याचा कित्ता गिरवला.

पाचव्या दिवशी आतून आवाज आला, “अहो, माझा पत्त्यांचा डाव गेला!”

आता प्रकरण गंभीर झालं. पत्त्यांच्या खेळाचा आणि ब्राउझरचा काडीचा संबंध नाही. म्हणजे पडणारा वेगळा आणि पाडणारा वेगळा. इतके दिवस मी पडणाऱ्यालाच पट्टी मारत होतो.

शाळेजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा माझाच विद्यार्थी. त्याला बोलावलं. त्यानं रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली. सकाळी पडद्यावर चुकाच चुका. माझ्या लाल शाईच्या आठवणीनं दोघंही क्षणभर गप्प झालो.

“सर, पूर्वी ब्राउझर म्हणजे एकत्र कुटुंब. एका टॅबचा तोल गेला की सगळं घर बसायचं. २००८ साली गूगलनं क्रोम आणला तो टॅबांच्या चुली वेगळ्या मांडूनच.” ही वाटणी लोकांना कळावी म्हणून त्यांनी स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून चक्क एक चित्रकथा काढून घेतली होती, हेही त्यानं सांगितलं. “पण चुली वाढल्या की भांडी वाढतात. मेमरी जास्त लागते. घरात फरशी फुटकी असली, तर जो जास्त वावरतो त्याचाच पाय अडकणार ना?”

मी मनातल्या मनात ब्राउझरची माफी मागितली.

त्यानं वायर काढली, हातातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि झाकण उघडलं. आत दोन दिवाळ्यांची धूळ. “पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, आधी झाडून घ्या,” दारातून शेरा आला. त्यानं चार-चार जीबीच्या दोन रॅमपट्ट्या उपसल्या.

“सर, खोडरबर आहे?”

एकतीस वर्षं मी एकच सांगत आलो: खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. वर्गातले खोडरबर मी जप्त करायचो. त्या खजिन्यातले काही अजून टेबलाच्या खणात होते. एक काढून दिला. पट्टीच्या सोनेरी दातांवरून त्यानं तो हलक्या हातानं फिरवला. काळपट मळ निघाला. “दमट हवेनं थर चढतो. मग क्षणभर संपर्क तुटतो, आत एकाचं शून्य होतं आणि ब्राउझर आडवा.” पट्ट्या खटकन परत बसल्या.

मी बाराही आकडे टाइप केले. बिल भरलं गेलं. कॉम्प्युटरची गेलेली स्मरणशक्ती परत आणली ती खोडरबरानं. इतका सुंदर विरोधाभास मला शिकवायला कधी सापडला नव्हता.

“किती द्यायचे रे?”

“सर, तुमच्याकडून काय घ्यायचं?” असं म्हणत त्यानं तो खोडरबर खिशात टाकला. मी काही बोललो नाही. बहुधा त्याचाच होता.