फुकटच्या मांजराचे अंदाजपत्रक

मांजर मिळवण्याचे मार्ग दोन: विकत घेणे आणि फुकट मिळणे. यांपैकी विकतचे स्वस्त पडते. पर्शियन पिल्लाचे दुकानदार पंधरा हजार सांगतो, त्यावर माणूस दोन रात्री विचार करतो, बायकोला विचारतो आणि बहुधा घेत नाही. खर्च शून्य. फुकटच्या पिल्लाच्या बाबतीत विचाराला कुणी वेळच देत नाही. म्हणून सदर मार्गदर्शन फक्त फुकट मांजर मिळालेल्यांसाठी आहे. मी राज्य शासनाच्या लेखा विभागात 33 वर्षं काढली, ती दुसऱ्यांच्या खर्चावर शेरे मारण्यात. पुढचे आकडे माझ्या डायरीतले आहेत.

फुकटचं पिल्लू संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान येतं, कारण त्या वेळी घरातली नाही म्हणू शकणारी व्यक्ती पोळ्या लाटत असते. आमचं पिल्लू खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चपलांच्या खोक्यातून आणलं. खोकं माझ्या हातात देऊन त्या जिन्यातूनच म्हणाल्या, "बोका आहे हो, काही त्रास नाही, उरलंसुरलं खातो!" यात तीन विधानं आहेत. तिन्ही पुढे लेखापरीक्षणात फेटाळली गेली. त्याच क्रमाने घेऊ.

विधान पहिलं, बोका आहे. आम्ही नाव ठेवलं बंडू. पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके, एक कान काळा, नाकावर नारिंगी शिंतोडा. डॉक्टरांनी शेपटीसुद्धा उचलली नाही. म्हणाले, "तीनरंगी आहे ना, मग भाटी." नारिंगी की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं असतं. दोन्ही रंग एका अंगावर दिसायचे तर दोन एक्स लागतात, म्हणजे मादी. तीनरंगी बोका क्वचित निघतो, इतका क्वचित की काकूंना तो मिळण्याची शक्यता नव्हती. शाळेत 'बोका'चं स्त्रीलिंग 'भाटी' असं घोकून मी एक मार्क मिळवला होता. तो शब्द पन्नास वर्षांनी पहिल्यांदा उपयोगी पडला आणि पडताक्षणी महाग पडला.

महाग अशासाठी की भाटीचं ऑपरेशन करावं लागतं. आम्हाला 5,500 रुपये सांगितले. लेखाधिकारी म्हणून मी साहजिकच पर्यायी खर्च काढला. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, एका वेळी चार पिल्लं धरू. त्यांना देण्यासाठी चार खोकी आणि चार बिऱ्हाडं हवीत. आमच्या इमारतीत बिऱ्हाडं बारा, त्यांतलं एक काकूंचं आणि त्या सात वाजता दार उघडत नाहीत. उरली आमच्यासकट अकरा. तिसऱ्या विणीत पिल्लं जास्त आणि बिऱ्हाडं कमी, अशी तूट येत होती. ऑपरेशन मंजूर केलं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं बांधतात, त्याचे 250 वेगळे. ते घालून बंडू दहा दिवस दाराच्या चौकटींना धडकत होती आणि दर वेळी माझ्याकडे बघत होती. या बघण्याची पावती मिळत नाही.

त्याआधी लशी. आठव्या आठवड्याच्या सुमारास तिहेरी लस, मग महिन्याभराने तीच परत, तीन महिन्यांच्या पुढे रेबीजची, नंतर दर वर्षी. जंताचं औषध वेगळं. पुणे महापालिकेनं 2022 साली कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी करायला सांगितली. तिची फी किरकोळ आहे, पण रेबीजचा दाखला जोडावा लागतो. प्रत्येक लशीला रिक्षा धरावी. मी पहिल्या वेळी बंडूला बाजाराच्या पिशवीत घालून नेलं. पिशवीतून एक पंजा बाहेर आला तशी रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. मी घाबरून विचारलं, "मांजर आहे, चालेल ना?" तो म्हणाला, "आडवं गेलं तर नाही चालत काका. बसलंय म्हणजे पॅसेंजर." मीटरवर वीस जास्त घेतले.

दवाखान्यात कार्ड बनवतात. त्यावर आधी मांजराचं नाव, पुढे आपलं आडनाव. आमच्या सौभाग्यवतींनी 34 वर्षांच्या संसारात माहेरचं आडनाव सोडलं नाही. बंडूनं पहिल्या भेटीत आमचं लावलं. लिंगाच्या रकान्यात 'मादी' आहे, नाव 'बंडू'च आहे. कार्ड बदलायला पन्नास रुपये मागत होते, मी दिले नाहीत. कुठेतरी काटकसर हवी.

आता विधान तिसरं, कारण दुसऱ्याला जागा जास्त लागणार आहे. उरलंसुरलं खातो. आमच्या घरात उरतं काय, तर ताकभात, गवार, अर्धी पोळी. बंडूनं ताकभात हुंगला आणि त्यावर मागच्या पायांनी माती लोटल्यासारखं केलं. फरशीवर माती नव्हती, पण शेरा स्पष्ट होता. पुढे वाचनात आलं की मांजराला मांस लागतंच, टॉरिन नावाचा घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. म्हणजे ज्याला मी नखरे म्हणत होतो ती वैद्यकीय गरज होती. दूध तरी स्वस्त पडेल म्हणून वाटीभर दिलं. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. वाटीभर दुधाचे बारा रुपये, त्यानंतरच्या औषधाचे तीनशे चाळीस. मांजर डोळे मिटून दूध पिते असं आपण म्हणतो ते बरोबर आहे, पण डोळे मालकानं मिटलेले असतात.

मग कोरडं खाणं आणलं, सव्वा किलोचं पाकीट साडेचारशेला. ओल्या खाण्याचं पाऊच येतं, 85 ग्रॅमचं, चाळीस-पंचेचाळीस रुपयांना. मी दराचा हिशेब मांडला: किलोला पाचशेच्या आसपास. आमच्या घरात इतक्या भावाची वस्तू फक्त काजू होती, आणि तीही दिवाळीत.

तीन महिन्यांनी मी घरखर्चाची डायरी तपासत होतो. 'भाजी' या शीर्षाखाली सौभाग्यवतींच्या अक्षरात नोंद: मेथी 20, गवार 30, मांदेली 120. मी विचारलं, मांदेली ही भाजी कधीपासून? "अहो, पाण्यात वाढते ना, मग भाजीच," असं उत्तर आलं. आमच्याकडे तीन पिढ्यांत मासा शिजला नव्हता. आता गुरुवार सोडून बाल्कनीत एक शेगडी पेटते, तिच्यावर एक पातेलं, जे घरात आणायचं नाही. पातेल्याचे 180, जुन्या स्टोव्हला रॉकेल मिळत नाही म्हणून गॅसवर चालणाऱ्या छोट्या शेगडीचे 950. मीही शहाणपणा करून हे सगळं 'दुरुस्ती व देखभाल'मध्ये टाकलं होतं. म्हणजे एकाच घरात एकाच मांजराचा खर्च दोन शीर्षांखाली लपवला जात होता. नोकरीत असतो तर दोघांनाही नोटीस काढली असती.

विधान दुसरं, काही त्रास नाही. लिटरचं, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूचं, पाच किलोचं पोतं चारशेच्या आसपास येतं. ही वाळू ओली झाली की गोळा होते, तो गोळा काढून टाकायचा असतो. वाळू ट्रेमध्ये ओतून आम्ही बंडूला मधोमध ठेवलं. तिनं एक पंजा झटकला, उतरली, बाल्कनीत गेली आणि कोथिंबिरीच्या कुंडीत बसली. आठवडाभर ट्रे कोरडा आणि कोथिंबीर बाजारातून. शेवटी कुंडीतली माती मूठभर वाळूवर पसरली, तेव्हा कुठे ट्रेला मान्यता मिळाली. कुंडीचा विषय मात्र घरात अजून काढत नाहीत.

नखं घासायला दोरी गुंडाळलेला खांब मिळतो, 1,800 रुपयांना. मी घरी केला: आजीचं मुसळ उभं ठोकून त्यावर काथ्या गुंडाळला, खर्च 90. बंडूनं मुसळाला प्रदक्षिणा घातली आणि सोफ्याकडे गेली. सोफ्याचं कापड बदलायला चौदा हजार. बदललं नाही. वर चादर टाकली. मग चादर.

तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर जाळी अनिवार्य समजावी. कबुतरांसाठी लावतात तीच, चौरस फुटाला अठरा रुपये, आमच्या खिडक्या-बाल्कनीचे मिळून 2,160. जाळीमुळे कबुतरं बाहेर आणि बंडू आत राहते. रोज सकाळी सात ते नऊ दोन्ही पक्ष समोरासमोर बसतात. बंडूचा जबडा थरथरतो, घशातून किटकिट असा आवाज येतो. कबुतरांना फरक पडत नाही. टीव्हीचं कनेक्शन आम्ही तेव्हापासून बंद केलं. दरमहा 300 वाचले. संपूर्ण अंदाजपत्रकात ही एकच जमेची बाजू आहे.

इतका खर्च पाहून काही वाचकांच्या मनात वाईट विचार येतील. त्यांच्यासाठी तरतूद जुन्या लोकांनी करून ठेवली आहे. आपल्या हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं. माझ्या आजीनं हे मला धमकी म्हणून सांगितलं होतं, मी त्याकडे संभाव्य दायित्व म्हणून पाहतो. प्रश्न असा की सोन्याचं मांजर वजनानं सारखं हवं की आकारानं? आजीनं स्पष्ट केलं नव्हतं. बंडू साडेतीन किलोची. वजन धरलं तर साडेतीन किलो सोनं. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला आहे, तो लाखच धरला तरी साडेतीन कोटी. आकार धरला तर परिस्थिती गंभीर आहे, कारण सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड. भरीव मांजर साडेसदुसष्ट किलोचं होतं, साडेसदुसष्ट कोटींचं. शिवाय मजुरी, जीएसटी, काशीपर्यंतचं भाडं, आणि एवढं मांजर हातात धरून रेल्वेत बसायचं. पोकळ चालेल का, हे विचारायला आता आजी नाही. निष्कर्ष: मांजर जगवणं हाच स्वस्त मार्ग.

आणि ती जगते. घरातल्या घरात राहणारं, ऑपरेशन झालेलं, वेळेवर लशी घेतलेलं मांजर पंधरा वर्षं सहज काढतं, काही त्याहून जास्त. हे मी डॉक्टरांकडून ऐकलं त्या दिवशी घरी येऊन डायरीत पंधरा वर्षांची सारणी आखली. लशी, खाणं, वाळू, महागाई धरून. बेरीज करण्याआधी शेवटच्या रकान्यात वर्ष लिहिलं आणि सवयीनं शेजारी माझं वय लिहिलं. 79.

मला रक्तदाब आहे, साखर तपासून घ्या असं सौभाग्यवती गेली चार वर्षं सांगत होत्या. तपासणीचे एवढे पैसे कशाला, असं मी चार वर्षं म्हणत होतो. बंडू सारणीवर बसली होती, 79 तिच्या शेपटीखाली. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आलो. 1,850 रुपये. 'औषधपाणी' हे शीर्ष डायरीत पहिल्यापासून आहे, पण ही रक्कम मी तिथे टाकली नाही. मांजराच्या पानावर टाकली, लिटर आणि मांदेलीच्या मध्ये.