पुरावा आधी मांडा

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावाच्या ढिगाऱ्यातून एक तान्हं बाळ आईसकट जिवंत निघालं. देव आहे याचा पुरावा म्हणून ही गोष्ट सांगणारे मंचर-घोडेगाव पट्ट्यात आजही भेटतात.

30 जुलै 2014, बुधवार. सकाळी डोंगर खचला आणि 151 माणसं गेली. गाव उरलंच नाही, ही बातमी बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. बाळ वाचलं याचा आनंद कुणाला नाही? पण पुरावा म्हणून मांडायचं तर सगळा हिशेब मांडा. वाचलेलं बाळ देवाच्या खात्यावर आणि गेलेली माणसं पावसाच्या खात्यावर, ही वाटणी कुणी केली? गेलेल्यांतही लेकरं होतीच. त्यांची पुण्याई कमी पडली असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी ते मागे राहिलेल्यांच्या तोंडावर म्हणून दाखवावं.

श्रावण नुकताच लागला होता. पहिला सोमवार 28 जुलैला झाला. भीमाशंकर त्याच सह्याद्रीच्या रांगेत, पाऊसही तोच. म्हणजे देव आणि भक्त दोन्ही जवळच होते. मग पुरावा म्हणून मला काय पटलं असतं? मंगळवारी संध्याकाळी कुणा भक्ताला दृष्टांत व्हायला हवा होता, ‘उद्या सकाळच्या आत माळीण रिकामं करा.’ त्याने ते तलाठ्याला लेखी द्यायचं आणि तारीख-वेळ घालून पोच घ्यायची. एकदा घडलं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. पण त्याच माणसाचा तसाच कागद 22 जुलै 2021 च्या दरडीआधी तळियेसाठी आणि 19 जुलै 2023 च्या दरडीआधी इर्शाळवाडीसाठी आला असता, तर तिसऱ्या पोचपावतीपाशी माझी शंका संपली असती. तो देवच की आणखी कुणी, हा वाद नंतर घातला असता. आपल्यापेक्षा जास्त कुणाला तरी दिसतं आणि त्याला आपली काळजी आहे, एवढं तरी निमूट मान्य केलं असतं.

असा कागद एकाही वेळी पुढे आला नाही. दरड कोसळल्यावर मात्र संकेत सगळ्यांना आठवतात.

पुरावा कसा तपासतात ते बघायला लांब जायला नको. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या उभ्या आहेत, एकेकीचा व्यास 45 मीटर. त्यांच्यावर येणारा प्रत्येक खरखराट आकाशातला नसतो. मोबाईल टॉवरचा असतो, विजेच्या तारांचाही असतो. ओळखायची एक खूण आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतात, त्यामुळे आकाशातला स्रोतही रोज तेवढाच आधी माथ्यावर येतो. आपल्या घड्याळाप्रमाणे चालणारा गोंगाट बहुधा माणसाचा. 1967 मध्ये जोसलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला, तेव्हा तो आकाशातला आहे हे याच खुणेवरून पटलं. खूण आधी ठरलेली होती, म्हणून फसगत टळली.

जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाला हाच न्याय लावला. 2008 साली त्यांनी घेतलेल्या चाचणीत नरेंद्र दाभोलकरही होते. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांची उत्तरं आली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

‘देवाची परीक्षा घ्यायची नसते,’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पुरावा न मागता, फळ न मागता पंढरीला चालत जाणाऱ्या माणसापुढे मी वाद घालत नाही. त्याने कसला दावाच केलेला नाही. माझं भांडण आहे ते बाळ वाचलं की पुरावा मोजणाऱ्यांशी आणि गाव गेलं की ‘त्याची लीला’ म्हणून वही मिटणाऱ्यांशी. जो पुरावा फक्त जिंकू शकतो, हरूच शकत नाही, तो मी घेणार नाही.

आणि आपल्या बाजूच्या मित्रांनाही विचारायचंय. ‘कुठलाही पुरावा आणा, मी मानणार नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे नास्तिक मी ऐकलेत. मग तुम्ही तपासता तरी काय? अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं 21 लाखांचं आव्हान प्रामाणिक आहे ते एवढ्याचसाठी, की समोरचा जिंकू शकतो. चाचणी दोघांनी मिळून आधी ठरवायची, मग निकाल दोघांनी पाळायचा.

माझी अट वर लिहिली आहे: आधी, लेखी, तारखेसह, गावाच्या नावासह, आणि एकापेक्षा जास्त वेळा. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरकपारीत दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपणारी गावं आहेत. त्यांच्यातल्या एकाला जरी असा कागद वेळेवर मिळाला, तर ते गाव वाचेल, आणि अशा तिसऱ्या पोचपावतीनंतर माझं मत बदललं असं मी याच सदरात पहिल्या ओळीत लिहीन.