नानांची इलेव्हन

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी असे एक गृहस्थ असतातच. आमच्या वाट्याला नाना आलेत. गावसकर-तेंडुलकरांच्या आठवणी ते काढत नाहीत. ‘‘त्यांच्यासाठी सगळा देश बसलाय, मी कशाला?’’ नानांचा जीव अडकलाय तो भारताकडून एकही टेस्ट न खेळलेल्यांत. अशांची एक इलेव्हन त्यांनी पक्की केली आहे आणि तिच्या निवड समितीत ते एकटेच आहेत.

निकष कडक. एक टेस्ट मिळाली की माणूस बाद. मी एकदा धीर करून सुभाष गुप्त्यांचं नाव काढलं. 149 विकेट घेतलेला लेगस्पिनर. हॉटेलातल्या रूममेटने रिसेप्शनवर एक फोन काय केला, करिअरच संपलं. नाना हळहळले. मग म्हणाले, ‘‘अन्याय जबरच. पण 36 टेस्ट खेळले ना? आपल्यात नाही बसत. पुढे बोल.’’

वन डाऊन भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर 1948, पुणे, समोर काठेवाड. निंबाळकर नाबाद 443, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम मोडायला दहा धावा कमी, आणि काठेवाडवाल्यांनी सामनाच सोडून दिला! इथे नाना थांबतात आणि ऐकणाऱ्याकडे असे बघतात, की त्या टीमला स्टेशनवर आपणच सोडून आलो की काय, असं वाटावं. ‘‘नाना, तुम्ही बघितली होती ती इनिंग?’’ ‘‘माझा जन्मही नव्हता तेव्हा. म्हणून काय झालं?’’

पॅडी शिवलकरांपाशी मात्र नुसतं बोलून भागत नाही. नाना भाजीच्या पिशवीतून लिंबू काढतात, स्वतः उजवे असून ते डाव्या हातात धरतात, बोटं त्यावर नीट बसवतात आणि दोन पावलं येऊन सोडतात. चेपॉकवरची 1973 ची रणजी फायनल, पहिल्या डावात 16 धावांत 8 बळी, दुसऱ्यात 18 धावांत 5. लिंबू एका टप्प्यात स्कूटरखाली जातं. ‘‘वळलं?’’ ‘‘वळलं नाना.’’ ‘‘वळणारच!’’ काकू हल्ली लिंबं स्वतःच आणतात.

589 विकेट आणि टेस्ट शून्य, कारण बेदी. पण बेदींबद्दल नाना वावगा शब्द काढत नाहीत. ‘‘बॉलर थोरच. फक्त दहा वर्षं उशिरा जन्मायला काय हरकत होती?’’ त्याच बेदींमुळे राहिलेले हरियाणाचे राजिंदर गोयलही संघात आहेत. नानांचा अन्याय प्रांतवादी नाही. मी सहज म्हटलं, एकाच संघात दोन डावखुरे स्पिनर कशाला? नाना ताडकन उठले. ‘‘हेच! हेच म्हणून बाहेर ठेवलं त्यांना! तूही सिलेक्टरच निघालास.’’ त्या आठवड्यात मला कटिंग मिळाला नाही.

अकरावी जागा रिकामीच असते. विचारलं की नाना कांगा लीगच्या कुठल्याशा पावसाळी मॅचबद्दल पुटपुटतात, ज्यात म्हणे ते बारावे होते. आम्ही आता विचारत नाही.

चौथा नंबर अमोल मुझुमदारचा. 1988 ची हॅरिस शील्डची सेमीफायनल, आझाद मैदान. सचिन 326, कांबळी 349, दोघंही नाबाद, भागीदारी 664 ची. सगळी मुंबई त्या दोघांबद्दल बोलते. नाना पुढच्या नंबरसाठी पॅड बांधून बसलेल्या पोराबद्दल बोलतात. पुढे त्याने रणजी पदार्पणातच 260 मारले, कारकिर्दीत 11 हजारांवर धावा केल्या. टेस्ट नाही ती नाहीच.

आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत आपल्या बायकांच्या टीमने वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा कोच हाच अमोल! दुसऱ्या दिवशी नाना पेढ्यांचा बॉक्स घेऊनच कट्ट्यावर आले. सगळ्यांची तोंडं भरल्यावर कुणीतरी खोडी काढली, ‘‘नाना, अन्याय फिटला की. आता अमोलला ड्रॉप करावं लागणार.’’

नानांनी तोंडातला पेढा सावकाश संपवला. नियम त्यांचाच होता.

‘‘वर्ल्ड कप मिळाला रे, टेस्ट कुठे मिळाली? शिवाय कोच म्हणून मिळालेलं धरत नाहीत. चौथा नंबर त्याचाच,’’ म्हणाले, ‘‘आणि तू घेतलेला दुसरा पेढा परत ठेव.’’