कारागीर पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

पावसाळ्यात धबधबे पाहून झाले, हिवाळ्यात माहुलीचा किल्ला चढून झाला, की मुंबई-ठाण्याच्या सुशिक्षित माणसाला ‘अस्सल कारागीर’ पाहण्याची हुक्की येते. राजस्थान लांब पडतं, पैठणला मुक्काम करावा लागतो. शहापूर-मुरबाड मात्र एका दिवसात उरकण्यासारखे. अशा मंडळींची ऐनवेळी तारांबळ उडू नये म्हणून पुढील नियम दिले आहेत. ते काटेकोर पाळल्यास कारागिराचा अख्खा दिवस मोडेल आणि त्याच्यावर उपकार केल्याचं पुण्य आपल्या पदरात पडेल.

नियम पहिला : वाहन. शहापूरला जायचं तर कसारा लोकलने आसनगावला उतरावं, पुढे रिक्षा मिळते. मुरबाडला रेल्वे नाही; कल्याणहून एसटी धरावी. दर्दी माणसाने हे दोन्ही मार्ग टाळावेत. स्वतःची गाडी न्यावी आणि ती बरोबर लोहाराच्या दारात, दुरुस्तीला आलेली अवजारं ठेवतात तिथेच लावावी.

नियम दुसरा : पहिला प्रश्न. कोणाच्याही दारी गेल्यावर ‘इथे वारली पेंटिंग कुठे मिळेल?’ असं विचारावं. समोरचा माणूस फाळ पाजवत असला तरी हरकत नाही. ही कला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे डहाणूकडच्या गंजाडचे होते आणि डहाणू तालुका ऑगस्ट २०१४ पासून ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेला, असल्या तपशिलात शिरू नये. आदिवासी भाग म्हटला की भिंतीवर तारपा असलाच पाहिजे. नसेल तर ‘आता इथेही काही अस्सल राहिलं नाही’ असा शेरा मारावा.

नियम तिसरा : लोहार. अंधार, ठिणग्या, घामेजलेली पाठ. फोटोला लागणारं सगळं इथे आयतं असतं. भात्याच्या जागी पंखा फिरत असेल तर नाराजी दाखवावी आणि माळ्यावरचा जुना भाता खाली काढायला लावावा. कोयता ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवतात हे कळल्यावर ‘म्हणजे भंगारातला?’ असं विचारावं. पाट्याचं पोलाद चिवट असतं, धार धरून ठेवतं, म्हणून लोहार तेच शोधत असतो. पण ते त्याने सांगेपर्यंत आपण पुढच्या प्रश्नावर गेलेलं असावं.

आता खरी कसोटी. पातं घडवून झालं की ते लालबुंद तापवून त्याची धारेकडची कड तेवढी पाण्यात बुडवतात. बाहेर काढून लोहार टक लावून बघत राहतो. मागच्या भागातली धग धारेकडे सरकते, तसा पोलादावर पिवळसर रंग चढू लागतो. तो हवा तेवढा चढला की पुन्हा पाण्यात. क्षणभर आधी बुडवलं तर धार तडकते, उशीर झाला तर ती वाकते. नेमक्या याच क्षणी ‘दादा, जरा इकडे बघा’ असं म्हणून कॅमेरा पुढे करावा.

‘ही कला आपल्या घरात किती पिढ्यांची?’ हा प्रश्न अनिवार्य आहे. उत्तर बहुधा असं येतं : ‘माझ्यानंतर नाय. पोरगा एमआयडीसीत जातो, महिन्याच्या महिन्याला पगार येतो.’ हे ऐकून हळहळावं. तुमचा मुलगा तुमचाच धंदा करतो का, असं लोहार उलट विचारणार नाही; तेवढी रीत त्याच्याकडे आहे. वाटल्यास त्याला विश्वकर्मा योजनेची माहिती द्यावी. सप्टेंबर २०२३ पासून लोहार, कुंभार, टोपल्या विणणारे धरून १८ व्यवसायांना तिच्यात अवजारांसाठी मदत आणि कर्ज मिळतं. मग विळा विकत न घेता निघावं.

नियम चौथा : बुरूडकाम. बांबू चिरून बेळ काढणाऱ्या बाईंना ‘मॅडम’ म्हणू नये. ‘मावशी’ म्हणावं, म्हणजे पुढे भाव पाडताना नातं उपयोगी पडतं. सूप कोणतं, रोवळी कोणती, कणगीत काय भरतात, हे ठाऊक नसलं तरी चालेल. सरसकट ‘बास्केट’ म्हणावं आणि ‘यात दिवा लावता येईल का?’ असं विचारावं. इरलं सापडलंच तर ते डोक्यावर घेऊन फोटो काढावा. बांबूच्या सांगाड्यात पळसाची पानं बसवलेलं इरलं पाठीवर असलं की लावणी करणारी बाई दोन्ही हात मोकळे ठेवून वाकू शकते. छत्रीला हे कधी जमलं नाही. प्लॅस्टिकच्या कागदाला स्वस्तात जमलं, म्हणून इरलं मागे पडलं. बांबू महागला असं मावशी म्हणाल्या तर तिथल्या तिथे कायद्यावर बोलावं. १९२७ च्या वन कायद्याने झाड ठरवलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने, वनाबाहेर असेल तर, झाड राहिला नाही. गवताला गवत म्हणायला सरकारला नव्वद वर्षं लागली, तेव्हा मावशींनी टोपलीमागे वीस रुपये सोडायला काय हरकत आहे?

नियम पाचवा : कुंभार. माठावर टिचकी मारावी. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला, बद्द वाजला तर कुठेतरी चीर गेलेली. असे बरेच माठ वाजवून ‘आमच्याकडे फ्रिज आहे’ असं सांगावं. १८९२ मध्ये बांधून झालेला तानसा आणि पुढे आलेला भातसा, दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईच्या नळाला येतं आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. पाणी यांचं पितो, निदान माठ तरी विकत घ्यावा, असा विचार मनात डोकावेल. तो झटकून टाकावा.

नियम सहावा : जत्रा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसोबाची म्हसा यात्रा सुरू होते. बैलांचा बाजार भरतो. घोंगड्या, विळे-कोयते, शेतीची अवजारं मांडलेली असतात. वर्षाचा माल एका फेरीत दिसण्याची ही जागा. म्हणून त्या दिवशी ‘गर्दी फार असते’ असं म्हणून घरी बसावं आणि कारागीर शेतात असतील अशा ऐन लावणीत जावं.

नियम सातवा : भाव. वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढलं की माथ्यावर दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळात त्यात जकात टाकत, असं सांगतात. म्हणजे या वाटेने पैसे मोजून माल नेण्याची सवय दोन हजार वर्षांची आहे. ती आपण मोडावी. फक्त ‘सुट्टे नाहीत’ ही सबब सांगू नये. याच मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये, नोटबंदीच्या धामधुमीत, राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं होतं. टोपल्यांच्या ढिगाशेजारी क्यूआर कोड टेकवून ठेवलेला निघायचा.

एवढे नियम पाळणं ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी एकच साधी वाट उरते. घरातली बोथट विळी, दांडा निसटलेली कुऱ्हाड, तळ गेलेलं सूप बरोबर न्या आणि ‘हे करून द्याल का?’ असं विचारा. भाव सांगतील तो द्या आणि काम होईपर्यंत गप्प बसून बघा. कारागिराला बघ्यांची वाण नाही, गिऱ्हाइकांची आहे. तेव्हा जाणार असाल तर काम घेऊन जा; नसेल तर माहुली आहेच.