दुसरा अंगठा

शिरपूरजवळच्या एका बंजारा तांड्यावर मागच्या मे महिन्यात चार पोरं कॅमेरा घेऊन आली होती. शहरातली, शिकलेली, मनानं चांगली. विषय पाणीटंचाई आणि स्थलांतर. रस्ता दाखवायला मी सोबत होतो. त्यांनी एका बाईला हापशीवरून पाण्याचा गुंड भरून आणायला सांगितलं. तिनं आणला. तोंडावर सावली पडली म्हणून ओतून पुन्हा. मधेच बकरी आडवी आली म्हणून आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला भरला गुंड ओतायला तिनं साफ नकार दिला. मे महिन्यात वाशीम जिल्ह्यात भरलेलं पाणी ओतत नाहीत, हे पाणीटंचाईवर फिल्म करणाऱ्यांना तिला सांगावं लागलं.

मग एक कागद पुढे आला. संमतीपत्र, इंग्रजीत. "मावशी, इथं अंगठा." तिनं दिला आणि विचारलं, "बापू, हे फिल्लम आमाले कवा दाखवसान?"

लवकरच, असं उत्तर मिळालं. ते लवकरच अजून उजाडलेलं नाही.

हा तिचा त्या वर्षातला दुसरा अंगठा. पहिला ऊसतोडीच्या मुकादमाच्या कागदावर, आगाऊ उचल घेताना. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल किती, कारखाना कुठला, निघायचं कधी, सगळं तिला पाठ आहे. मुकादमाचा व्यवहार पिळवणुकीचा आहे, पण तो काय आहे हे तिला कळतं. तिच्या बाजूनं बोलायला आलेल्यांच्या कागदात काय होतं, ते तिला आजही माहीत नाही. मला हे वर्षभर सलतंय, कारण रस्ता मी दाखवला होता.

अंगठ्याचा हा इतिहास जुना आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९११च्या कायद्यानं त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचा अधिकार सरकारला मिळाला. १९५२ साली कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या. बंजारा समाज महाराष्ट्रात याच विमुक्तांच्या यादीत आहे. अशा तांड्यावर जाऊन कागद वाचून न दाखवता अंगठा उठवणं ही किरकोळ चूक नव्हे.

शिरपूरला कॅमेऱ्याचं अप्रूप नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर १९८१ पासून बंद होतं. ते २०२३च्या मार्चमध्ये उघडलं, तेव्हा साऱ्या देशानं शिरपूर पाहिलं. चांगलंच झालं. पण दिवाळीनंतर रिकामा होणारा तांडा त्याच रस्त्यानं पुढं आहे. तिथं कॅमेरा क्वचित येतो आणि आला की असा येतो.

"फिल्मचं कामच असं असतं," हे मला ऐकवू नका. याच महाराष्ट्रात हे काम नीट झालेलं आहे.

माहितीपटकार आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' १९८५चा, मुंबईत झोपड्यांवर बुलडोझर फिरत होते त्या काळातला. त्यात एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचं काय, हा तिचा सवाल. दुसऱ्या कुणी तो तुकडा कापून टाकला असता. पटवर्धनांनी ठेवला. आणि उत्तरही दिलं, फिल्मच्या बाहेर. १९८६ साली कफ परेडचं संजय गांधी नगर पाडलं गेलं, तेव्हा ते रहिवाशांबरोबर उपोषणाला बसले. शबाना आझमीही होत्या. त्या लोकांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली.

त्याच फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी तिथून कॅमेरा उचलला तो १४ वर्षं खाली ठेवला नाही. 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली पुरा झाला, तीन तासांहून मोठा. आणि जानेवारी २०१२ मध्ये तो लोकांपुढं पहिल्यांदा आला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत. ज्यांचं दुःख, त्यांच्या दारात.

१४ वर्षं कुणी द्यावीत असं मी म्हणत नाही. एक रात्र द्या.

कॅमेरा मात्र हवाच. समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव तालुक्यातून जातो. त्याची ड्रोननं टिपलेली दृश्यं घरोघरी फोनवर पाहिली गेली. त्याच महामार्गासाठी २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला एका शाळेच्या वर्गखोल्या आणि वाचनालय पाडलं गेलं. मतीन भोसले यांनी फासेपारधी पोरांसाठी उभी केलेली 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा ती. ड्रोनच्या उंचीवरून वाचनालय दिसत नाही. ते दाखवायला जमिनीवरचाच कॅमेरा लागतो, म्हणून तर ही पोरं मला हवी आहेत. त्यांनी येऊच नये असं मला मुळीच वाटत नाही.

फक्त कागद मराठीत आणा. आणि तो तांड्यातल्याच एखाद्या शिकल्या पोरीकडून त्यांच्या गोरमाटी बोलीत वाचून घ्या, अंगठा त्यानंतर. गुंड एकदाच भरायला सांगा. फिल्म महोत्सवाला धाडण्याआधी तांड्यावर दाखवा, आणि एखादी बाई म्हणाली की माझं हे रडणं काढा, तर काढा. ते रडणं तिचं आहे.

त्या चौघांना मी फोन केला होता. फिल्म तयार आहे म्हणाले. तर निरोप असा: दिवाळीनंतर येऊ नका, तेव्हा तांड्यावर म्हातारी माणसं आणि दारांना कुलपं असतात. अक्षय्य तृतीया झाली की या, टोळ्या परतलेल्या असतात. पडदा म्हणून चादर आम्ही बांधतो, जनरेटर मी आणतो. ती बाई पुढं बसेल. तिच्या शेजारची जागा तुमच्यासाठी ठेवतो.