मटेरियल आमचं

"मटेरियल तुमचं का आमचं?" मिस्त्रीनं विचारलं. मी बाणेदारपणे म्हणालो, "आमचं." मिस्त्रीच्या चेहऱ्यावर मला दुःख अपेक्षित होतं. तो चक्क हसला.

फलटणजवळच्या कोळकीतल्या आमच्या घराला मागच्या बाजूनं एक खोली वाढवायची होती. काम मटेरियलसकट दिलं तर मालकाला खुर्ची टाकून बसता येतं, पण सिमेंटवाळूतली मलई मिस्त्रीकडे जाते, हे मला ठाऊक होतं. लेबर रेटनं दिलं तर मलई आपली. हायस्कुलात उभा जन्म मी नफा-तोटा, शेकडेवारी आणि घनफळ शिकवलं. मलई कुठं असते हे मला कोण सांगणार?

आमच्या घरी पालखीत वारकरी उतरतात, त्यामुळे माऊली विमानतळावरच्या मुक्कामातून बरडकडे निघाल्याशिवाय बांधकामाचा विषय काढायचा नाही असा हिचा दंडक. पालखी गेली आणि मी वही काढली. पहिलं पान सिमेंटचं.

दिवाळीनंतर कामं निघतात, सिमेंट चढतं, म्हणून आधीच घेऊन ठेवावं असं मेहुण्यानं लोणंदहून कळवलं. तिकडच्या दुकानात पोत्यामागे 12 रुपये कमी होते. ऑगस्ट 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात मी ऐंशी पोती उचलली. पंधरा ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याचं सूतोवाच केलं होतं. मी त्या वेळी शाळेच्या झेंडावंदनाला होतो आणि खाऊच्या पुड्या कमी पडल्या म्हणून मोजत होतो.

ऐंशी पोती म्हणजे चार टन. अंगणात ठेवावीत तर पाऊस, म्हणून बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून छातीएवढी थप्पी मारली. आठवड्यात गणपती आले. दुसरी जागाच नव्हती, तेव्हा पोत्यांवर हिची पैठणी अंथरून बाप्पांना वर बसवलं. गौरीही तिथंच उभ्या राहिल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मखराचं कौतुक करत होत्या आणि पैठणीच्या काठाखालून "53 ग्रेड" एवढीच अक्षरं दिसत होती. एकीनं हिला विचारलं, "अहो, हे काय नवीन डेकोरेशन?" ही म्हणाली, "टिकाऊ आहे."

22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. मी वहीत मांडून पाहिलं. 360 च्या पोत्यातली मूळ किंमत 281 आणि पैसे. तिच्यावर 18 टक्के धरले की पोतं 332 ला पडतं. म्हणजे 12 रुपये वाचवण्याच्या नादात पोत्यामागे 28 रुपये गेले. रीत बरोबर, उत्तर बरोबर, ताळाही जमला. मी स्वतःला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि वही मिटली.

भिंतीनं त्यापुढचं काम केलं. सिमेंट ठेवायचं तर खाली फळ्या हव्यात, भिंतीपासून फूटभर जागा सोडायला हवी आणि थर दहाच्या वर जाऊ नयेत. बंद पोत्यातही हवेतला ओलावा शिरतो, आणि तीन महिन्यांत सिमेंटची पाचवा हिस्सा ताकद जाते असा ढोबळ हिशेब धरतात. त्या सप्टेंबरात पाऊस उघडता उघडेना. काम निघालं दिवाळीनंतर, तेव्हा भिंतीकडची पोती हलवायला बिगाऱ्यानं पहार मागितली. मिस्त्रीनं एका पोत्यावर हातोडी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "सर, ही पायात टाकू. पोत्यासकट."

वाळूच्या बाबतीत मात्र मी पूर्ण तयारीनिशी उतरलो होतो. 600 रुपयांत ब्रासभर वाळू देण्याचं धोरण सरकारनं 2023 साली आणलं, त्याचं कात्रण माझ्या पाकिटात होतं. 2025 च्या एप्रिलात धोरण बदललं, कात्रण राहिलं. ते मी एका वाळूवाल्यापुढे धरलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, मागं छापलेलं राशिभविष्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "लॅमिनेशन करून घ्या सर."

शेवटी इतरांपेक्षा बराच कमी भाव सांगणारा एक जण सापडला. ट्रॉली दारात आली तशी मी टेप घेऊन हौद्यात चढलो. आतून लांबी दहा फूट, रुंदी पाच, उंची दोन. शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. वाळू काठाला सपाट. ड्रायव्हर खाली तंबाखू मळत उभा होता, त्याला मी वरूनच घनफळाचं सूत्र समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. बॅकबेंचवरची पोरं डोलवायची तशी.

ट्रॉली रिकामी होऊन गेल्यावर मिस्त्रीनं ढिगातली मूठभर वाळू दाबून पाहिली. लाडू वळला गेला. मग त्यानं पत्र्याची बादली काठोकाठ भरली, वरून पट्टीनं सारखी केली आणि नळाखाली धरली. पाणी आत शिरत गेलं, बुडबुडे वर आले आणि वाळू हळूहळू खाली बसायला लागली. बादली पाण्यानं भरली तेव्हा वाळू काठापासून चार बोटं खाली होती.

"ओलसर वाळू फुगते सर," तो म्हणाला. "कणाकणाभोवती पाणी धरतं, कण एकमेकाला चिकटून बसत न्हाईत. पाव हिस्सा तरी जास्त दिसती. पार बुडवली की खरी किती ते कळतं."

म्हणजे मी शंभर घनफूट मोजले होते हे खरं. त्यातले वीसेक पाण्याचे आणि हवेचे होते. हे आठवीच्या पुस्तकात नव्हतं, निदान मी शिकवलं त्या आठवीच्या तरी नव्हतं.

स्टीलमध्ये मात्र मी जिंकलो. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, वर्ग करायचा आणि 162 नं भागायचं. मीटरचं वजन किलोत येतं. बारा एमएमची चाळीस फुटी सळई साडेदहा किलोच्या वर भरायला हवी. नगावर स्वस्त देतो म्हणणाऱ्याची सळई मी काट्यावर टाकायला लावली. ती हलकी निघाली आणि मी दुकानातून छाती काढून बाहेर पडलो. दुसरीकडे वजनावर घेतलं, चार पैसे खरोखर वाचले. त्या चार पैशांचं मी दार घेतलं.

दाराचं असं झालं. आमच्या फलटणच्या मुधोजी मनमोहन राजवाड्यात सिनेमा-मालिकांची शूटिंगं चालतात. तिथले खांब आणि दरवाजे पाहून मला कधीपासून वाटायचं की घराला एक तरी दार असं हवं. पेठेतला एक जुना वाडा उतरवत होते. सागवानी दार, पितळी कड्या, चौकटीवर कमळ, आणि नव्या फ्लश डोअरच्या जेमतेम दुप्पट किंमत. सागाचा आजचा घनफुटाचा भाव लावला तर हा फायदाच होता. चार हमालांनी ते घरी आणलं, पाचव्यानं माझ्या अंगठ्याला फडकं बांधलं.

मिस्त्रीनं टेप लावला आणि बराच वेळ काही बोलला नाही. वाड्याच्या भिंती दोन फुटांच्या. चौकट त्या मापाची. माझी भिंत नऊ इंची. शिवाय वाड्यात माणसानं वाकून आत यावं म्हणून दार साडेपाच फुटी. माझा मुलगा सहा फूट आहे. पुण्याहून आला, दार पाहायला पुढं झाला आणि गणपतीच्या जागी नारळ फुटावा तसा आवाज आला. ही म्हणाली, "खोली शूटिंगला भाड्यानं द्या. राहायला नाही जमायची."

खोली झाली. फ्लश डोअर बसलं. एकूण खर्च मिस्त्रीनं आधी मटेरियलसकट सांगितलेल्या आकड्यापेक्षा किती जास्त झाला ते मी वहीत मांडलेलं आहे आणि वही ही शोधते आहे.

तर फलटण आणि पंचक्रोशीत कुणी दोन फुटी भिंतीचं घर बांधत असेल आणि घरातली मंडळी साडेपाच फुटांच्या आत असतील, तर सागवानी दार चौकटीसह देणे आहे. कड्या अस्सल पितळी. भावाचं बसून ठरवू, हमाली मात्र घेणाऱ्याकडे. जोडीला सिमेंटची काही पोतीही न्यावीत. ती फुकट आहेत, पहार आपली आणावी.