तीन मिनिटांचा नियम

डिस्क गोल्फच्या नियमांत हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं दिलेली आहेत. तेवढ्यात सापडली नाही तर ती हरवली असं जाहीर करायचं, एक फेक दंडाची मोजायची आणि मागच्या जागेवरून पुन्हा फेकायचं. हा नियम ज्यांनी केला त्यांच्यावर माझ्या वडिलांबरोबर खेळायची वेळ आलेली नसणार. रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी झालेली. ताळेबंदात पस्तीस पैशांचा फरक येतोय म्हणून रात्री शेवटच्या लोकलपर्यंत कचेरीत बसलेले आमचे नाना. त्यांना तीन मिनिटांत ‘उठा’ म्हणणार कोण? खेळात सगळ्यात पुढे असतो तो माझा नवरा, आणि जावई सासऱ्यांना काय बोलणार!

मिशिगनच्या उत्तरेला, गेलॉर्डच्या बाजूला मेपल आणि बीचचं दाट रान आहे. त्यातल्या एका कॅम्पग्राउंडवर आम्ही तंबू ठोकतो. आई-नाना डोंबिवलीहून आले की तेही असतात. फाटकावरच ताकीद लावलेली आहे की बाहेरचं सरपण आत आणू नका. २००२ साली मिशिगनमध्ये हिरव्या चमकदार पाठीचा एक किडा सापडला. त्याने ॲशची कोट्यवधी झाडं खाल्ली, आणि तो लोकांच्या सरपणातून गावोगाव फिरतो. कारण रास्तच आहे. पण चहूबाजूंना लाकूड उभं असताना मोळी विकत घ्यायची, हे नानांच्या जिवावर आलं. “पैसे वसूल व्हायला काहीतरी फुकटचं बघा,” असं ते म्हणाले, आणि फुकट असं तिथे एकच होतं.

मालकाने हौसेने झाडांमधून वाट काढून नऊ खांब रोवलेत. खांबाच्या वरच्या कड्यातून साखळ्या लोंबतात, खाली जाळीची टोपली. जमिनीत पुरलेल्या फळीवर उभं राहून प्लास्टिकची तबकडी त्या टोपलीत घालायची, तीही कमीत कमी फेकींत. डिस्क साखळ्यांवर आदळून टोपलीत पडते तेव्हाचा खळ्ळ असा आवाज फारच झकास असतो. आम्ही तो बहुतेक वेळा शेजारच्या खांबाकडून ऐकतो. चौथ्या खांबाची वाट दोन तंबूंच्या मधून जाते. तिथे घडीच्या खुर्चीवर एक आजोबा बिअरचा कॅन घेऊन बसलेले असतात. डिस्क कुठेही जावो, ते “नाइस थ्रो!” म्हणतात. एकदा ती त्यांच्याच शेगडीत गेली, तरी म्हणाले. नानांना ही गोष्ट संशयास्पद वाटते. आयुष्यात त्यांच्या कामाला कुणी न तपासता शेरा दिलेला नाही.

खेळाचा इतिहास नवरा चालता चालता सांगतो, ऐकणारा सापडला तर. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण केकचं टिन उडवत होता. पाच सेंटच्या त्या टिनाला एकाने पंचवीस सेंट देऊ केले, आणि तिथून फ्रिस्बीचा धंदा उभा राहिला. “पाचाचे पंचवीस,” एवढंच नाना पुन्हा म्हणाले, पण फार आदराने. पुढे एड हेड्रिक आले. त्यांनी फ्रिस्बीची बनावट सुधारली, १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं. आधी नुसत्या खांबाला डिस्क लागली की काम व्हायचं. मग लागली की नाही यावरून वाद होऊ लागले, म्हणून साखळ्यांची टोपली आली आणि १९७७ साली तिचं पेटंटही झालं. हेड्रिक २००२ साली गेले. त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून त्याच्या डिस्क बनवण्यात आल्या.

इथे नाना थांबले. “म्हणजे अस्थी फेकायच्या?”

“इच्छा होती त्यांची,” नवरा म्हणाला.

“आणि झाडात अडकल्या तर?”

“तर कावळ्याला लांब जावं लागणार नाही,” आई म्हणाली. आई खेळत नाही, फक्त बरोबर चालते. त्यामुळे तिला बोलायला दम उरतो.

आता डिस्कचं. माझी समजूत होती की तबकडी ही तबकडी असते. नवऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत त्यांची अख्खी वखार आहे: लांबच्या, मधल्या, जवळच्या. प्रत्येकीवर चार आकडे छापलेले, वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. नानांसाठी त्याने ‘लेपर्ड’ काढली. तिच्यावर सहा, पाच, उणे दोन, एक. नानांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचले.

“उणे दोन? म्हणजे सुरुवातच तोट्यात.”

नवऱ्याने समजावलं की हा तोटा नव्हे. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकली तर ती आधी थोडी उजवीकडे झुकेल, वेग ओसरला की डावीकडे येईल. या आकड्यांची एक अट मात्र छापलेली नसते. फेकणाऱ्याच्या हातात तेवढा जोर हवा. माझी कुठलीही डिस्क, तिच्यावर काहीही छापलेलं असो, सरळ डावीकडच्या नेच्यांत जाऊन बसते. इथले मुरलेले खेळाडू धीर देतात की झाड म्हणजे नव्वद टक्के हवाच असते. असेल. उरलेल्या दहा टक्क्यांत आमच्या डिस्कला लोहचुंबक दिसतं.

शिवाय नानांनी लेपर्ड निवडली ती हिरवी, डोळ्यांना बरी म्हणून. जुन्नरच्या उसात बिबट्या माणसाच्या मागे येतो; इथे आम्ही सगळे कंबरेत वाकून लेपर्डच्या मागे. बरं, दुसरा रंग घ्यावा तरी पंचाईतच. भगवी डिस्क ऑक्टोबरात मेपलच्या पानांत विरघळते आणि पांढरी बर्फात. राहता राहिली भडक गुलाबी. ती मी घेतली. ती झाडाच्या शेंड्यावर असली तरी खालून स्पष्ट दिसते.

तेव्हा माझं मत असं, की हा फेकण्याचा खेळ नाहीच. फेकणं दोन सेकंदांचं. खरा खेळ शोधण्याचा, आणि माणूस कसा आहे ते तिथे कळतं. नवरा डिस्क जिथे जायला हवी होती तिथे शोधतो. पंधरा हात पुढे, वाटेच्या बरोब्बर मध्ये. तिथे ती नसल्याचं त्याला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. आई जागची न हलता हात दाखवते: “तिथे बघ. तिथे नाही, त्याच्या अलीकडे.” आमचे चिरंजीव डिस्क पहिल्या मिनिटाला बघून ठेवतात आणि डॉलरचा भाव ठरेपर्यंत बोलत नाहीत. आणि नाना चौकोन आखतात. चार काटक्या रोवतात, पूर्वेकडून सुरुवात करतात, एकेक नेचा काठीने बाजूला सारतात आणि तपासलेल्या भागाकडे पुन्हा ढुंकून बघत नाहीत. नेच्यांच्या खाली ओल असते, डासांचे थवे कानाशी गुणगुणतात, तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही पायाशी असते. तिला हात लागला की दोन आठवडे खाज. नानांना त्याचं काही नाही. मागून आलेली दोन-तीन टोळकी आम्ही नमस्कार-चमत्कार करून पुढे सोडतो. या पद्धतीने नानांना दुसऱ्यांच्या डिस्क पुष्कळ सापडल्या. कुणाचं तरी टोपण, एक तंबूची खुंटी आणि लहान मुलाचा एक बूटही सापडला. लेपर्ड नाही.

दुसऱ्याची डिस्क सापडली तर ती ठेवून घ्यायची नाही. तिच्या पोटावर मार्करने नाव आणि फोन नंबर लिहिलेला असतो. फोन करायचा, नाहीतर ऑफिसातल्या खोक्यात नेऊन टाकायची. ही रीत नानांना इतकी पसंत पडली, की आदल्या रात्री शेकोटीच्या उजेडात बसून त्यांनी घरच्या सगळ्या डिस्क रजिस्टरच्या अक्षरात भरून टाकल्या. खाली आपला नंबर. डोंबिवलीचाच, ९८९२ने सुरू होणारा. तो फोन ते इथेही चालू ठेवतात, बँकेचे ओटीपी येतात म्हणून. आकडे दहा, अमेरिकेतही फोनला आकडे दहाच, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आणि ९८९ हा तर गेलॉर्डपासून सॅगिनॉपर्यंतच्या सगळ्या मुलखाचा एरिया कोड! नंबर बघून इथल्या माणसाला वाटणार, अरे, हा आपल्यातलाच कुणीतरी.

रविवारी निघताना ऑफिसात गेलो. खोक्यात आमच्या तीन डिस्क होत्या, हिरव्या लेपर्डसकट. काउंटरवरची मुलगी हसू दाबत म्हणाली, “ज्यांना ज्यांना सापडल्या त्यांनी फोन केला होता. तिकडे एक बाई उचलतात. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, माझ्याकडे डिस्कबिस्क काही नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मात्र विचारत होत्या, आता कितव्या खांबाला?”

नाना कानकोंडे झाले. “छे छे, फार वाईट झालं. माझ्यापायी त्या बाईंना उगाच ताप. मी स्वतः माफी मागतो.” ते बाहेरच्या बाकावर बसले, चष्मा लावला, लेपर्ड पालथी करून मांडीवर ठेवली आणि तिच्यावरचा एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला. परदेशातून फोन लावताना आधी ‘अधिक एक्याण्णव’ लावायचं, हे मीच त्यांना विमानतळावर बजावलं होतं. तेही विसरले नाहीत. फोन कानाला लावला. मान हलवली. पुन्हा लावला.

“बिझी आहेत बाई,” ते आम्हाला म्हणाले. “आणखी कुणालातरी सापडलेली दिसतेय.”